खुर्चीत आहात तोवर पट्टा कमरेला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानाला हवेत जोराचे धक्के बसून प्रवासी जखमी झाले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन वाक्ये हमखास असतात. एक, ‘विमान हवेच्या पोकळीत सापडले.’ दुसरे, ‘विमान काही क्षणांत अमुक हजार फूट कोसळले.’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. चूक नुसती शब्दांची असती तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती वाचून असा समज होतो की, असे काही घडलेच तर आपल्या हातात काही नसते, सगळे नशिबावर. खरी गोष्ट उलटी आहे. अशा घटनांत ज्यांना मोठी इजा होते, त्यांतले बहुतेक जण त्या क्षणी पट्ट्याविना बसलेले, झोपलेले किंवा उभे असतात. जळगावहून विमाने सुरू झाल्यापासून आपल्या भागात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांची संख्या वाढली आहे, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत. जागेअभावी पत्र कापावे लागले तर पट्ट्याबद्दलचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

सर्वांत चांगली नोंद उपलब्ध आहे ती सिंगापूर एअरलाइन्सच्या एसक्यू ३२१ या विमानाची. तारीख २१ मे २०२४. लंडनहून सिंगापूरला निघालेले बोइंग ७७७-३००ईआर, आत २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी. म्यानमारवर, इरावदीच्या खोऱ्यावरून ते ३७,००० फुटांवर चालले होते आणि खालून गडगडाटी ढग वाढत होते. ‘सहा हजार फूट कोसळले’ असे तेव्हा जगभर छापून आले. पुढे सिंगापूरच्या तपास यंत्रणेने ब्लॅक बॉक्समधली नोंद वाचून प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले, त्यात काही वेगळेच निघाले.

विमान आधी पडले नाही, वर उचलले गेले. खालून आलेल्या हवेने ते ३७,३६२ फुटांपर्यंत चढवले. ऑटोपायलटने ठरलेल्या उंचीवर परत आणण्यासाठी नाक खाली घेतले, त्यात वेग वाढू लागला, म्हणून वैमानिकांनी पंखांवरचे स्पीडब्रेक उघडले. त्याच गडबडीत एका वैमानिकाने सीटबेल्टचा दिवा लावल्याचे सांगितले. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा ७ वाजून ४९ मिनिटे ३२ सेकंद झाले होते. मोठा धक्का बसला ४०व्या सेकंदाला. म्हणजे दिवा लागल्यापासून हातात मिळाले आठ सेकंद. जेवणाचा ट्रे समोर आहे, कमरेखाली गेलेला पट्टा शोधायचा आहे, शेजारी लहान मूल झोपले आहे, अशा माणसाला आठ सेकंद पुरत नाहीत.

मग जे झाले ते आकड्यांत असे आहे. खुर्चीत शांत बसलेल्या माणसावर जमिनीची जी ओढ असते तिला १ जी म्हणतात. त्या विमानात हे माप अधिक १.३५ वरून उणे १.५ वर आले, आणि तेही ०.६ सेकंदात. डोळ्याची पापणी दोनदा लवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. उणे १.५ जी याचा अर्थ असा की, ७० किलोचा माणूस १०५ किलोच्या जोराने छताकडे ढकलला जातो. पट्टा असेल तर तो जोर पट्टा सोसतो, नसेल तर डोके आणि छत. त्यानंतर चार सेकंदांच्या आत माप परत अधिक १.५ वर गेले, म्हणजे वर गेलेली माणसे दीडपट वजनाने खाली आदळली. या ४.६ सेकंदांत विमानाची उंची कमी झाली ती १७८ फुटांनी, साधारण सोळा-सतरा मजली इमारतीएवढी. वैमानिकांनी २१ सेकंद विमान हाताने सांभाळले आणि ऑटोपायलट पुन्हा लावला.

मग सहा हजार फूट कुठून आले? आत माणसे जखमी असल्याचे कळल्यावर वैमानिकांनी बँकॉकला उतरायचे ठरवले आणि धक्क्यानंतर सुमारे १७ मिनिटांनी ३७,००० वरून ३१,००० फुटांवर नेहमीच्या पद्धतीने विमान खाली आणले. त्याला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. प्रवासमार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ही उतरती रेघ दिसली आणि तीच ‘कोसळणे’ म्हणून छापली गेली. खरी इजा १७८ फुटांत झाली होती. एक ७३ वर्षांचे प्रवासी दगावले, त्यांचा मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने झाल्याचा अंदाज होता. बँकॉकच्या रुग्णालयाने दोन दिवसांनी दिलेल्या माहितीत पाठीच्या कण्याला इजा झालेले २२ आणि कवटी-मेंदूला मार लागलेले ६ जण होते. मान आणि कणा, हीच या अपघाताची ठरलेली जागा आहे. माणूस डोक्यावर आपटतो आणि बुडावर पडतो.

आता ‘पोकळी’बद्दल. हवेत पोकळी नसते. असते ती वर जाणारी हवा आणि खाली येणारी हवा, एकमेकींच्या शेजारी. विमान पंखांवर तरंगते ते समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा जो कोन होतो त्यावर. मोठे जेट विमान सेकंदाला सुमारे २४० मीटर पुढे जाते. त्याला सेकंदाला १५ मीटर वेगाने वर जाणारी हवा अचानक भेटली, तर हा कोन साधारण साडेतीन अंशांनी वाढतो. एरवी तो मुळातच दोन-तीन अंशांचा असतो. त्यामुळे उचल ढोबळ हिशेबाने पावणेदोन पट होते. लगेच पुढे खाली येणारी हवा भेटली की तीच उचल नाहीशी होते. सगळा खेळ या दोन प्रवाहांच्या शिवेवर होतो. नुसती वर जाणारी हवा, ती लांबवर पसरलेली असेल, तर प्रवाशाला जाणवतही नाही.

खानदेशातल्या माणसाला ही हवा समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. चैत्र-वैशाखात भर दुपारी नांगरून पडलेल्या काळ्या रानातून वावटळ उठते, पालापाचोळा गरगरत वर नेते, आणि बांधापलीकडच्या ओलिताच्या केळीत शिरली की विरते. तापलेले रान हवा वर ढकलते, गार बाग ती धरून ठेवते. वावटळ डोळ्यांना दिसते, पण तसेच न दिसणारे शेकडो खांब मार्च ते जूनच्या दुपारी दहा-बारा हजार फुटांपर्यंत उभे असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या पट्ट्यात, जिथे कोरडे रान आणि ओलित शेजारी शेजारी आहे तिथे ते जास्त. दुपारी दोन-तीनला उतरणारे विमान या खांबांना एकेक करून छेदत येते, म्हणून खडखडते. यात धोका फारसा नाही, पोटात ढवळते एवढेच. सकाळी आठ-नऊपर्यंत हीच हवा शांत असते. उन्हाळ्यात ज्यांना त्रास होतो त्यांनी सकाळचे विमान निवडावे, यापेक्षा स्वस्त औषध नाही.

धोका आहे तो या खांबांचा पुढे ढग झाला की. मे-जूनमधला अवकाळीचा ढग आपण खालून पाहतो. रावेर, यावल, चोपडा भागात घड लागलेल्या केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा ‘वादळ आले’ असे आपण म्हणतो. तो वारा म्हणजे त्याच ढगातून खाली ओतलेली थंड हवा, जमिनीला लागून चहूकडे पसरलेली. पाऊस जिथे पडतो आहे त्याच्या पुढे पंधरा-वीस किलोमीटरवरही ती पोचते, म्हणून आधी धूळ येते आणि मग पाऊस. बाग आडवी करणारा हा वारा त्या ढगाचा तळ आहे. त्याच्या पोटात हवा याहून जोरात वर जात असते आणि माथा ४५ ते ५० हजार फुटांपर्यंत जातो. कोणतेही प्रवासी विमान हा ढग ओलांडून वरून जाण्याच्या भानगडीत पडत नाही, त्याला वळसा घालायचा असतो. वळशाचे सर्वमान्य अंतर २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर. वारा जिकडून येतो त्या बाजूने गेलेले बरे, कारण ढगाचा ऐरणीसारखा पसरलेला माथा वाऱ्याच्या दिशेने झुकलेला असतो आणि गारा त्याच्या खालून बाहेर फेकल्या जातात.

जळगावसारख्या विमानतळांवरून येणारे-जाणारे एटीआर ७२ हे पंख्याचे विमान २५,००० फुटांच्या वर जाऊ शकत नाही. छोट्या पल्ल्यावर ते साधारण सोळा-अठरा हजार फुटांवर असते. मे महिन्यात शून्य अंश तापमानाची पातळीही आपल्याकडे साधारण तिथेच असते, म्हणजे गारा आणि पाणी दोन्ही जिथे असतात तो ढगाचा गाभा. त्यामुळे या विमानाला वळसा किंवा थांबणे, हे दोनच मार्ग उरतात. उन्हाळ्यात संध्याकाळचे विमान ‘हवामानामुळे विलंबाने’ असे लागले की विमानतळावर आरडाओरडा सुरू होतो. तो विलंब प्रवाशाच्याच मानेसाठी असतो, हे ध्यानात घ्यावे.

एटीआर जास्त हलते अशी तक्रार ऐकू येते, तीत तथ्य आहे. पूर्ण वजन २३ टन आणि पंखाचे क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो. एअरबस ए-३२० चे वजन ७८ टन आणि पंख सुमारे १२२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४० किलो. पंखावर भार कमी असला की वाऱ्याचा झोत विमानाला जास्त हलवतो. भरलेली बैलगाडी आणि रिकामी बैलगाडी एकाच खड्ड्यात वेगळी उसळते, तसेच. पण हलणे म्हणजे धोका नव्हे. एटीआरचा वेग कमी असल्याने प्रत्येक झोताचा तडाखाही कमी बसतो. खराब हवेसाठी प्रत्येक विमानाचा वेग ठरवून दिलेला असतो. एटीआर ७२ साठी १८० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), ए-३२० साठी २०,००० फुटांच्या वर २७५ नॉट. यापेक्षा जोरात गेले तर झोताचा भार पंखावर जास्त येतो, फार हळू गेले तर उचलच तुटण्याचा धोका. औट्रम घाटात एसटीचा चालक गाडी जशी ना दामटतो ना बंद पडू देतो, तसा हा मधला वेग आहे. इंजिनाचा आवाज एकदम उतरल्यासारखा वाटतो तो बहुधा याच कारणाने. काही बिघडलेले नसते.

विमानाच्या नाकात रडार असते, मग ढग दिसत नाही का, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. दिसतो, पण हे रडार पाण्याचे थेंब पाहते, हवा पाहत नाही. ओला पाऊस लाल दिसतो. बर्फाचे कोरडे कण फार क्षीण परावर्तन देतात, म्हणून ३५-३६ हजार फुटांवर ढगाचा माथा पडद्यावर हिरवा किंवा जवळजवळ रिकामा दिसू शकतो. त्यासाठी अँटेना खाली झुकवून ढगाचा ओला गाभा शोधावा लागतो. दुसरी अडचण सावलीची. समोर दाट पाऊस असेल तर रडारची बरीच शक्ती तिथेच खर्च होते आणि त्यामागचा, कदाचित जास्त वाईट, ढग दिसतच नाही. पडद्यावर लाल पट्ट्यामागे काळे मोकळे दिसले म्हणजे तिथे वाट मोकळी आहे असे नव्हे.

२१ मे २०२५ ला इंडिगोच्या दिल्ली-श्रीनगर विमानाचे काय झाले ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर केले आहे. पठाणकोटजवळ ३६,००० फुटांवर ते गारांच्या ढगासमोर आले. डावीकडे, आंतरराष्ट्रीय सीमेच्या बाजूला वळण्याची परवानगी मागितली ती मिळाली नाही, लाहोरच्या नियंत्रण कक्षानेही हद्दीत येऊ दिले नाही. परत फिरावे तर ढग अगदी जवळ आलेला. तेव्हा त्यातून पार होण्याचा निर्णय झाला. आत ऑटोपायलट सुटला, वेगाच्या नोंदींवर भरवसा ठेवता येईना, खाली येण्याचा वेग एका क्षणी मिनिटाला ८,५०० फुटांपर्यंत गेला. गारांनी नाकावरचे आवरण फोडले. वैमानिकांनी हाताने चालवत विमान श्रीनगरला उतरवले आणि एकाही प्रवाशाला इजा झाली नाही. फुटलेल्या नाकाचे चित्र सगळ्यांनी छापले. शेवटची ओळ मात्र फार थोड्यांच्या नजरेत भरली.

या घटनेशेजारी १ मे २०२२ ची मुंबई-दुर्गापूर विमानाची घटना ठेवून पाहावी. संध्याकाळी उतरताना बोइंग ७३७ ला धक्के बसले. डीजीसीएच्या निवेदनानुसार भार अधिक २.६४ जी ते उणे १.३६ जी असा बदलला. डझनाहून अधिक प्रवासी आणि काही कर्मचारी जखमी झाले. कण्याला मार लागलेले एक प्रवासी काही महिन्यांनी रुग्णालयात वारले. विमान मात्र सुखरूप उतरले होते.

विमान तुटेल ही भीती जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते, म्हणून एवढेच सांगतो. प्रवासी विमानाचा सांगाडा अधिक २.५ जी पर्यंत कायमचा बाक न येता टिकला पाहिजे, आणि त्याच्या दीडपट भाराला तो तुटता कामा नये, असा नियम आहे. बोइंग ७७७ चा पंख १९९५ मध्ये मुद्दाम तुटेपर्यंत वाकवला गेला, तो नियमातल्या भाराच्या १५४ टक्क्यांवर तुटला. खिडकीतून पंखाचे टोक वरखाली हलताना दिसते ते चांगलेच आहे, न वाकणारा पंख लवकर मोडला असता. आजच्या विमानांत धातूआधी माणूस मोडतो.

ढगाशी संबंध नसलेले धक्केही असतात आणि तेच जास्त फसवे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून साधारण ३९,००० फुटांच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदी वाहते, तिला जेट स्ट्रीम म्हणतात. तिचा वेग १०० नॉटच्या पुढे सहज जातो. नदीच्या मध्यावर त्रास नसतो, काठावर असतो, कारण तिथे थोड्या उंचीच्या फरकात वाऱ्याचा वेग झपाट्याने बदलतो. आकाश निरभ्र, रडार रिकामे, आणि विमान थडथडू लागते. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाने २०२३ मध्ये जुन्या हवामान-नोंदी तपासून दाखवले की उत्तर अटलांटिकवर अशी तीव्र खळबळ १९७९ मध्ये वर्षाला १७.७ तास होती, ती २०२० मध्ये २७.४ तास झाली. वाढ ५५ टक्क्यांची. हा आकडा अटलांटिकचा आहे, तो उचलून भारताला चिकटवू नये. पण कारण, वरच्या थरात तापमानाचा फरक वाढून वाऱ्याची कातर, म्हणजे थोड्या उंचीत वेगात पडणारा फरक, वाढणे, हे तिथल्यापुरते नाही.

या निरभ्र खळबळीवर आज सगळ्यांत उपयोगी पडते ती पुढे गेलेल्या विमानाने दिलेली खबर. पूर्वी ती वैमानिकाच्या तोंडून यायची: ‘मध्यम’, ‘तीव्र’. पण एटीआरला तीव्र वाटणारी हवा बोइंग ७७७ ला मध्यम वाटू शकते. म्हणून आता विमानातली उपकरणे हवेचीच खळबळ मोजतात आणि ईडीआर नावाचा आकडा काढतात. तो विमानाच्या आकारावर अवलंबून नसतो: ०.२० पासून मध्यम, ०.४५ पासून तीव्र. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये हे आकडे कंपन्यांत आपोआप वाटून घेण्याची व्यवस्था सुरू केली. जेवढी जास्त विमाने यात येतील, तेवढा मागच्या विमानाचा नकाशा दाट होईल. याशिवाय हवामान खात्याची मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथील केंद्रे धोक्याचे इशारे काढतात. ते काही तासांपुरते असतात आणि मोठ्या पट्ट्यासाठी असतात. ‘या पट्ट्यात कुठेतरी’ एवढेच त्यातून कळते, ‘चौथ्या मिनिटाला’ असे नाही.

म्हणून दिव्याच्या भरवशावर राहू नये. दिवा वैमानिक लावतो आणि वैमानिकाला जे दिसत नाही ते दिव्यालाही कळत नाही. दिवा विझला याचा अर्थ ‘उठायला हरकत नाही’ एवढाच घ्यावा, ‘पट्टा काढा’ असा घेऊ नये. खुर्चीत आहात तोवर पट्टा कमरेला हवा. झोपताना तर नक्कीच.

पट्टा बांधण्याची रीत. विमानातला पट्टा मोटारीसारखा बटण दाबून सुटत नाही, वरची पत्र्याची झडप उचलावी लागते. पहिल्यांदा बसणारे घाईत बटण शोधत राहतात. सगळे बसेपर्यंत दोन-तीनदा लावून-काढून पाहावे, त्यात संकोच नको. पट्टा पोटावर नव्हे, खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर आला पाहिजे. पोटावर असेल तर झटक्यात आतड्यांना आणि यकृताला इजा करतो, सैल असेल तर माणूस आधी चार बोटे उडतो आणि मग पट्ट्यावर आदळतो. मोकळे टोक ओढून घट्ट करावे, मांडी हलवता येईल इतकीच ढील असावी. गरोदर बाईने पट्टा पोटाखालून मांडीच्या सांध्याजवळ घ्यावा. पट्टा पुरत नसेल तर जोडपट्टा मागावा, तो विमानात ठेवलेलाच असतो. रात्री पांघरूण घेतल्यास पट्टा पांघरुणावरून बांधावा, म्हणजे तपासायला आलेल्या कर्मचाऱ्याला दिसतो आणि ते झोपमोड करत नाहीत. धोतर, नऊवारी किंवा जाड शाल असेल तर कापडाचा बोंगा पट्ट्याखाली येऊ देऊ नये, तो दबला की पट्टा आपोआप सैल होतो.

लहान मूल मांडीवर असेल तर प्रश्न अवघड आहे. नऊ किलोचे बाळ उणे १.५ जी ला साडेतेरा किलोच्या जोराने हातातून वर निसटते, तेही अर्ध्या सेकंदात. आईचे हात कितीही जागे असले तरी तेवढ्या वेळात आवळले जात नाहीत. बाळासाठीचा छोटा जोडपट्टा, जो आईच्या पट्ट्यात ओवतात, तो कर्मचाऱ्यांकडून मागून घ्यावा आणि बाळ झोपले तरी सोडू नये. आई आणि बाळ दोघांभोवती एकच पट्टा कधीही बांधू नये, आईच्या वजनाखाली बाळ दबते. परवडत असेल तर मुलाला स्वतंत्र खुर्ची आणि विमानासाठी मान्य असलेले बालआसन हाच खरा उपाय.

उठावे लागतेच, स्वच्छतागृह आहे, पाय मोकळे करणे आहे. जावे आणि लवकर परत यावे. मधल्या वाटेत असताना धक्के सुरू झाले तर आपल्या रांगेपर्यंत धावत जाऊ नये. जवळची रिकामी खुर्ची, कोणाचीही असो, तिथे बसून पट्टा लावावा. खुर्ची नसेल तर सरळ जमिनीवर बसून खुर्चीच्या हाताचा किंवा पायाचा आधार घट्ट धरावा. उभे राहून वरच्या कप्प्याला धरणे सर्वांत वाईट. स्वच्छतागृहात असाल तर बसून राहावे आणि भिंतीवरची कडी दोन्ही हातांनी धरावी.

वरच्या कप्प्यात जड वस्तू ठेवू नयेत. आपल्याकडचे सामान माहीत आहे: लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, पितळी भांडे, कळण्याच्या पिठाची पिशवी. कप्प्याची खिट्टी धक्क्यात उघडू शकते. जड ते समोरच्या खुर्चीखाली, हलके ते वर. मांडीवरचा लॅपटॉप आणि चार्जिंगची विटेएवढी बॅटरी हवा खराब होताच समोरच्या खिशात घालावी. गरम चहा-पाणी हातात असेल तर ओतून टाकण्यापेक्षा जमिनीवर ठेवून पायाने आडोसा करावा. कोरियन एअरने २०२४ च्या ऑगस्टपासून साध्या वर्गात उकळत्या पाण्याचे नूडल्स देणे बंद केले, ते भाजण्याच्या भीतीनेच. सिंगापूर एअरलाइन्सनेही एसक्यू ३२१ नंतर दिवा लागलेला असताना जेवण वाढणे थांबवले. आपल्याकडे चहा मिळाला नाही म्हणून कर्मचाऱ्यांवर आवाज चढवणाऱ्यांनी एक आकडा वाचावा. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात धक्क्यांनी गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांपैकी १२९ विमानातले कर्मचारी होते आणि ३४ प्रवासी. कारण उघड आहे, ते उभे असतात. शिवाय भरलेली ढकलगाडी शंभर किलोच्या आसपास जाते, ती छताला लागून परत येते तेव्हा शेजारच्या रांगेवर येते. ‘केबिन क्रू, जागेवर बसा’ ही घोषणा झाली की त्यांना बसू द्यावे, हाक मारू नये.

जागा निवडता येत असेल तर पंखाजवळची घ्यावी. विमान झुलते ते त्याच्या मध्याभोवती, म्हणून शेपटीकडच्या रांगा सर्वांत जास्त वरखाली होतात. आराम मिळतो तेवढाच, पट्टा तिथेही लागतोच.

धक्के बसल्यावर विमानाचे काय करतात, हेही लोकांना ठाऊक असावे. वैमानिकाने नोंदवहीत ‘तीव्र’ हा शब्द लिहिला की ते विमान ठरलेली तपासणी झाल्याशिवाय उडवायचे नसते. आधी नोंदयंत्रातून प्रत्यक्ष किती जी लागला ते काढतात. मग डोळ्यांनी पाहणी: पंखाच्या मुळाशी पत्र्याला सुरकुती आहे का, रिव्हेट सैल झाले का (सैल रिव्हेटभोवती काळसर भुकटीची रेघ उमटते), इंधन झिरपते का, इंजिन ज्या खांबावर टांगलेले असते त्याचे जोड, फ्लॅपचे रूळ, शेपटीच्या आडव्या पंखाचे सांधे, आणि आत वरचे कप्पे, स्वयंपाकघराच्या कड्या, ऑक्सिजन मास्कची झाकणे. यात कुठे काही सापडले तर पत्रे उघडून दुसऱ्या टप्प्याची तपासणी होते, तिला दिवस लागू शकतो. यासाठी पुढची फेरी रद्द झाली तर ती रद्द होऊ द्यावी.

आता दोन मागण्या. पहिली विमान कंपन्या आणि विमानतळ प्रशासनाकडे. सुरक्षेची सूचना बहुतेक वेळा इंग्रजी-हिंदीत आणि भरभर उरकली जाते. जळगावहून उडणाऱ्या विमानांत पट्ट्याची सूचना मराठीत द्यावी, आणि त्यात ‘दिवा विझल्यावरही पट्टा लावून ठेवा’ हे वाक्य स्वतंत्रपणे म्हणावे. प्रतीक्षागृहात दोन जुन्या खुर्च्या पट्ट्यांसह ठेवाव्यात. आडवळणाच्या गावांतून, वाड्या-पाड्यांतून यात्रेला, लेकीच्या घरी किंवा उपचाराला निघालेली म्हातारी माणसे तिथे बसून झडप उघडून पाहतील. याला खर्च असा काही नाही, वापरातून काढलेल्या खुर्च्या देखभालीच्या शेडमध्ये पडून असतात.

दुसरी आपल्याकडे, आणि आपल्यासारख्या सगळ्या दैनिकांकडे. पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा ‘किती फूट कोसळले’ याऐवजी बातमीदाराने तीन गोष्टी विचाराव्यात: धक्क्याच्या वेळी सीटबेल्टचा दिवा लागलेला होता का आणि किती आधी, जखमींपैकी किती जणांचा पट्टा बांधलेला होता, आणि तपास यंत्रणेने भाराचे माप काय दिले आहे. पहिल्या दिवशी तिसऱ्याचे उत्तर मिळणार नाही, ते आठवड्याने किंवा महिन्याने येते. तेव्हा ते आतल्या पानावर का होईना, छापावे.

आपले,
विमान देखभालीच्या कामातून निवृत्त झालेले दोन वाचक,
जळगाव
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत)